चार नंबरची टकटक

डेन्मार्कमध्ये पवनचक्की वीस वर्षांची झाली की तिची तपासणी बदलते. तोवर नेहमीची सर्व्हिस पुरते: तेल, ग्रीस, ब्रेक, काही बोल्ट. बांधताना धरलेलं आयुष्य संपलं की मात्र दरवर्षी अंगाखांद्यासकट सगळं तपासावं लागतं. पाया, टॉवरचे जोड, ब्लेडची मुळं, नॅसेलचा, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या डोक्याचा सांगाडा, सगळं. तडा नाही हे कुणीतरी डोळ्यांनी पाहून, सही करून द्यावं लागतं. गेली सहा वर्षं मी हे काम करतो. त्यातलं एक काम इथे लिहितो आहे, कारण ते माझ्या मनातून जात नाही. २०२२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट, ठिकाण साम्सो बेट.

त्याआधी मी कुठला ते सांगायला हवं. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडी, वनकुसवड्याचं पठार लागतं. खाली कोयनेचं पाणी, वर वारा. १९९०च्या दशकाच्या शेवटी तिथे पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. आमची वाडी त्या पठाराच्या अंगालाच आहे. माझ्या धाकट्या चुलत्यांची, तात्यांची, पठारावरची जमीन एका कंपनीने एकरकमी पैसे देऊन घेतली. त्या पैशांत घराला स्लॅब पडला आणि चुलतबहिणीचं लग्न झालं. जमिनीवर मशीन उभं राहिलं. मी आयटीआय करून त्याच पठारावर हेल्पर म्हणून लागलो, पुढे डिप्लोमा, मग डिग्री, मग चेन्नई आणि तिथून डेन्मार्कमधलं जटलंड. पठारावर आम्ही पोरं तिला पंखा म्हणायचो, कामावर लागल्यावर मशीन म्हणू लागलो. डेन्मार्कमध्ये सगळे ‘म्योले’ म्हणतात, म्हणजे चक्की. दळणाच्या चक्कीला जो शब्द, तोच हिलाही. आमच्या वाडीतल्या बायका आजही चक्कीच म्हणतात, हे मी माझ्या वरिष्ठ सहकारीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला होता.

या बाई पंचवीस वर्षं टॉवर चढत आहेत. डेन्मार्कमध्ये लहानथोर सगळे एकमेकांना ‘तू’च म्हणतात. मला मात्र मनातल्या मनात त्यांना ‘तुम्ही’ म्हणायची सवय आहे, आणि इथेही मी तसंच लिहिणार.

जटलंडमधल्या होउच्या धक्क्यावरून सकाळची बोट पकडली. तासाभरात बेटावर, सेल्विगला उतरलो. गाडीत हार्नेस, टॉर्क पाना, फटी मोजायच्या पट्ट्या, तडे शोधायचा लाल रंग आणि पांढरी पावडर, तेलाच्या नमुन्यासाठी बाटल्या. मे महिन्यात साम्सोवर बटाट्याची घाई असते. इथला नवा बटाटा डेन्मार्कभर नावाजलेला. पहिली पाटी निघाली की बातमी होते. रस्त्याच्या कडेला लाकडी फडताळांत बटाटे, शतावरी मांडून ठेवलेली, शेजारी पैशांचा डबा. विकायला माणूस नाही. बेट ११४ चौरस किलोमीटरचं, वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडीने अर्धापाऊण तास.

आम्हाला पाहायची होती ती जमिनीवरची मशीन. साम्सोवर अशी ११ आहेत, तीन गटांत: टानरुप, पेर्मेलिले आणि ब्रुंदबीच्या बाजूला. प्रत्येकी १ मेगावॉट, बोनस कंपनीची. ती कंपनी पुढे २००४ मध्ये सीमेन्सने घेतली, पण बेटावर सगळे अजून बोनसच म्हणतात. टॉवर ५० मीटर, रोटर, म्हणजे फिरणाऱ्या ब्लेडचं चक्र, ५४ मीटर व्यासाचं. आजच्या मानाने लहान. आत लिफ्ट नाही, शिडी आहे. १९९९-२०००च्या सुमाराला ती उभी राहिली. दक्षिणेला समुद्रात, पालुदान फ्लाक नावाच्या उथळ भागात, २.३ मेगावॉटची १० मशीन आहेत. ती २००२-०३ मध्ये आली. बेटावरच्या मोटारी आणि बोटी जे तेल जाळतात त्याची भरपाई व्हावी एवढी वीज समुद्रातून काढून मुख्य भूमीला पाठवायची, असा त्यामागचा हिशेब होता.

आता मालकीचं. जमिनीवरच्या ११ पैकी ९ शेतकऱ्यांची आणि २ सहकारी. समुद्रातल्या १० पैकी ५ नगरपालिकेची, ३ खासगी, २ लहान भागधारकांची. जमिनीवरच्या मशीनांत बेटावरच्या सुमारे ४५० लोकांचे वाटे होते, समुद्रातल्यांत जवळपास तेवढ्याच लोकांचे. हे आकडे मी कामावर येण्याआधी कागदावर वाचले होते. त्यांचा अर्थ काय ते त्या आठवड्यात कळलं.

आम्हाला पहिल्या दिवशी दोन मशीन करायची होती, एक शेतकऱ्याचं आणि शेजारचं सहकारी. तपासणीसाठी त्यांना आमच्या यादीत तीन आणि चार असे नंबर होते. शेतकरी बांधावर उभाच होता. सत्तरीचा माणूस, रबरी बूट, हाताला माती. तीन नंबर त्याचं. चार नंबर संस्थेचं, पण त्यातही त्याचे दहा वाटे. हात मिळवून झाल्यावर त्याने पहिली गोष्ट सांगितली ती स्वतःच्या मशीनची नव्हती.

“चार नंबर टकटक करते. नैऋत्येचा वारा असला की. रोज नाही, जोराचा झोत आला की. दोन-तीन वेळा, मग गप्प.”

बाईंनी विचारलं, किती दिवसांपासून? तो म्हणाला, गेल्या नोव्हेंबरपासून. तारीखही सांगितली. घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक वही लटकवलेली असते, त्यात त्याने लिहून ठेवलं होतं.

खरं सांगायचं तर असं ऐकून आम्ही फारसे हलत नाही. लोकांना मशीनचे नाना आवाज ऐकू येतात. तपासणी नेहमी वारा कमी असताना होते, मशीन बंद करून, रोटरला पिन घालून. बंद मशीन टकटक करत नाही. त्यामुळे जे ऐकू येत नाही ते अहवालात येत नाही. मी मान डोलावली आणि हार्नेस घालायला लागलो. बाई मात्र थांबल्या. त्यांनी त्याला वही आणायला सांगितली.

वहीत २१ नोंदी होत्या. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, आणि पुढे टकटकीचा आकडा. तो रोज सकाळी बटाट्याच्या शेतात असतो, मशीन त्याच्या डोक्यावर. नोंदी काढून पाहिल्या तर १९ वेळा वारा नैऋत्येचा किंवा पश्चिम-नैऋत्येचा. बाई म्हणाल्या, “यॉ.”

हे जरा समजावून सांगतो. पवनचक्कीचं डोकं, म्हणजे नॅसेल, टॉवरच्या माथ्यावर फिरतं, वाऱ्याकडे तोंड ठेवायला. त्याला यॉ म्हणतात. टॉवरच्या माथ्याला एक मोठं दातेरी कडं असतं आणि नॅसेलमधल्या मोटरींची छोटी चाकं त्या दातांत बसलेली असतात. तोंड वळवायचं नसतं तेव्हा यॉचे ब्रेक ते डोकं धरून ठेवतात. आता, डेन्मार्कात वारा जास्त करून नैऋत्य-पश्चिमेचा. म्हणजे वीस-बावीस वर्षं मशीन बहुतेक वेळ एकाच बाजूला तोंड करून उभं. छोटी चाकं कड्याच्या त्याच थोड्याशा चापावर, म्हणजे वर्तुळाच्या तुकड्यावर, मागेपुढे होत राहतात, आणि तेवढेच दात झिजतात. बाकीचं कडं नव्यासारखं. ब्रेकच्या पट्ट्याही झिजल्या असतील तर झोत आल्यावर डोकं केसाएवढं हलतं, दातावर दात आपटतो. टक.

आमच्या पठारावरही असंच होतं. तिथे पावसाळ्यातले चार महिने पश्चिमेचा वारा असा सुटतो की उभं राहता येत नाही, आणि वर्षाची बरीचशी वीज त्याच महिन्यांत निघते. मृगाच्या आत सर्व्हिस उरकायची, हा तिथला नेम. तिथेही कड्याचे दात पश्चिमेच्या वाऱ्याच्या जागीच झिजतात. हे मला माहीत होतं. तरी त्या सकाळी ते मला सुचलं नाही, एका शेतकऱ्याच्या वहीने सुचवलं.

आधी तीन नंबर केलं. पाया: काँक्रीटवर भेगा, पाणी साचतं का, पायाच्या बोल्टांना गंज. मग शिडी. पन्नास मीटर चढायला मला सात-आठ मिनिटं लागतात, मध्ये दोन थांबे. वर गेल्यावर पहिलं काम छत उघडायचं. तेलाचा आणि तापलेल्या धातूचा वास बाहेर जाऊ द्यायचा. तिथून बेट दिसतं. एका बाजूला बटाट्याच्या सरींवर पसरलेलं पांढरं प्लास्टिक, दुसरीकडे समुद्र, आणि लांब दक्षिणेला पाण्यात एका ओळीत उभी असलेली दहा मशीन. ब्लेडच्या मुळाचे बोल्ट नमुन्याने तपासले, मुख्य शाफ्टच्या बेअरिंगचं ग्रीस पाहिलं, गिअरबॉक्सच्या खिडकीतून कॅमेरा घालून दातांचे फोटो काढले, तेलाचा नमुना घेतला. सांगाड्याच्या वेल्डिंगवर लाल रंग मारून, पुसून, पांढरी पावडर फवारली. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. या पाच-दहा मिनिटांत कुणी बोलत नाही. रेघ उमटली नाही. खाली शेतकऱ्याला बाईंनी अंगठा दाखवला. तो खरंच तिथेच उभा होता.

दुपारी चार नंबर.

नेहमीच्या पद्धतीने यॉच्या कड्याचे दात चार ठिकाणी मोजतात, दर ९० अंशांना एक जागा. चारही ठिकाणी माप बरोबर असतं, तर आम्ही ‘ठीक’ लिहून पुढे गेलो असतो. त्या दिवशी आम्ही ज्या चापावर चाकं नैऋत्येच्या वाऱ्यात बसतात तो चाप हाताने डोकं फिरवून समोर आणला आणि दात-दात मोजला. अकरा दात. मी बॅटरी धरून, पालथा पडून, गालाला ग्रीस लागलेलं. बाई आकडे लिहीत होत्या. सहाव्या-सातव्या दातापाशी पट्टीखाली इतकी जागा होती की मी दोनदा मोजलं. एका दाताच्या कडेला चमकती पट्टी पडली होती, बाजूचा भाग आत दबलेला. ब्रेकच्या पट्ट्या काढून पाहिल्या. आठपैकी तीन जवळपास संपलेल्या.

ही गोष्ट मशीन पडण्याएवढी नव्हती, हे स्पष्ट लिहायला हवं. पण तशीच चालू राहिली असती तर दात तुटला असता, तुकडा चाकात गेला असता, आणि मग एखाद्या हिवाळ्यातल्या वादळात डोकं हवं तिकडे वळलं नसतं. तशा वेळी तोंड वाऱ्यात राहणं फार महत्त्वाचं असतं.

संध्याकाळी बेटावरच्या ट्रानेब्येर्ग गावात जेवताना माझ्या डोक्यात सारखे तात्या येत होते.

पठारावर तात्यांच्या पूर्वीच्या जमिनीवरचं मशीन एकदा आवाज करायला लागलं होतं. मी तेव्हा चेन्नईत होतो. तात्या गुरं घेऊन रोज तिथून जायचे. फोनवर म्हणाले, “आरं, तिच्या पोटात कायतरी वाजतंय. घरघर न्हाई, दात खाल्ल्यागत वाजतंय.” त्यांनी साईटवरच्या वॉचमनला सांगितलं. वॉचमनने फोन केला असेल, नसेल. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. कुणी चढलं नाही. महिन्याभरात गिअरबॉक्स गेला आणि भर पावसाळ्यात, वारा फुकट वाहत असताना, मशीन कित्येक आठवडे बंद राहिलं. तात्यांचं त्यात काहीच गेलं नाही. त्यांना वाईट मात्र वाटलं. “आपल्या रानात हुबी हाय ना,” एवढंच म्हणाले. चांगली माणसं होती त्या साईटवर, माझे मित्र होते. पण गुरं राखणाऱ्याचं म्हणणं टिपून घ्यायला कुठे रकानाच नव्हता.

बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “इथे रकाना आहे असं नाही. इथे वही त्याची स्वतःची आहे.”

साम्सोवर हे कसं झालं ते मी नंतर लोकांकडून तुकड्यातुकड्याने ऐकलं. १९९७ मध्ये डेन्मार्क सरकारने एक स्पर्धा घेतली. पर्यावरण आणि ऊर्जा मंत्री तेव्हा स्वेन आउकेन होते. दहा वर्षांत एखाद्या बेटाची ऊर्जा पूर्णपणे पुन्हा पुन्हा निर्माण होणाऱ्या साधनांवर आणून दाखवायची. चार बेटं आणि एक द्वीपकल्प स्पर्धेत होते, साम्सो जिंकलं. बक्षीस म्हणून रोख रक्कम नव्हती. त्याच सुमारास बेटावरचा कत्तलखाना बंद पडला, शंभरेक जणांची नोकरी गेली. म्हणजे लोकांना कामाची गरज होती आणि हातात फक्त एक आराखडा. तो लोकांपर्यंत नेण्याचं काम सोरेन हर्मनसेन यांच्याकडे आलं. तेही याच बेटावरच्या शेतकरी घरातले, शाळेत शिकवणारे. गावच्या सभांना बिअर घेऊन जायचे, आणि एखाद्या गोष्टीला लोकांचा विरोध असेल तर ती लादायची नाही, असा त्यांचा नेम होता. २००८ मध्ये ‘टाइम’ मासिकाने पर्यावरणाच्या नायकांत त्यांचं नाव घेतलं. बेटावर मात्र लोक त्यांच्यापेक्षा जास्त बोलतात ते त्या सभांबद्दल: कुठल्या जागेला नाही म्हटलं, कुणाच्या खिडकीतून काय दिसलं असतं, कुठला गट एका शेताने सरकवला.

सरकारने विजेला ठरावीक दराची हमी दिली होती, म्हणून बँकांनी कर्ज दिलं. हे विसरून चालणार नाही. नुसत्या एकोप्यावर मशीन उभी राहत नाहीत. पण दराची हमी सगळ्या देशाला होती, आणि सगळा देश साम्सो झाला नाही.

वाट्यांचं गणित मला पहिल्यांदा ऐकताच कळलं, कारण आपल्याकडेही तेच आहे. डेन्मार्कातल्या जुन्या पवनसंस्थांत एक वाटा म्हणजे वर्षाला १,००० युनिट विजेचा हिशेब. शब्द ‘आंदेल’. हाच शब्द १८८२ मध्ये जटलंडमधल्या येडिंग गावी पहिली सहकारी डेअरी निघाली तेव्हापासूनचा. शेतकरी दूध घालणार, डेअरी त्यांचीच, नफा दुधाच्या प्रमाणात. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच रीतीने, दुधाच्या जागी ऊस. माझे आजोबा एका कारखान्याचे सभासद होते. सभासदांची साखर दिवाळीला घरी यायची तेव्हा ते पोतं उघडून आधी चिमूटभर हातावर घ्यायचे. आमच्या भागाला सहकार नवा नाही. उसाला जे जमलं ते वाऱ्याला कुणी लावून पाहिलं नाही, एवढंच. पठारावर मशीन यायला लागली तेव्हा एखादं तरी मशीन वाडीचं असावं असं कुणी मांडलं असतं तर? तात्यांनी एकरकमी पैशांऐवजी वाटे घेतले असते की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही. लग्न उंबऱ्यावर होतं. पण विचारायला तर कुणी हवं होतं.

डेन्मार्कातही ही गोष्ट आपोआप टिकत नाही. २००९ च्या कायद्याने नव्या प्रकल्पाचे किमान २० टक्के वाटे आधी साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना देऊ करायची सक्ती होती. २०२० मध्ये ती सक्ती गेली, तिच्या जागी शेजाऱ्यांना वर्षाला काही रक्कम देण्याची पद्धत आली. रक्कम देणं सोपं आहे. माझ्या मते त्यातून एक मोठी गोष्ट हातची गेली, कारण रक्कम मिळणारा माणूस वही ठेवत नाही.

अहवाल लिहायला दोन दिवस लागले. आमचं काम इतकंच: काय आहे ते सांगायचं, पुढच्या तपासणीपर्यंत चालवता येईल की नाही ते सांगायचं. निष्कर्ष असा: ब्रेकच्या आठही पट्ट्या ताबडतोब बदला, ताण पुन्हा लावा, झिजलेल्या दातांच्या कडा घासून साफ करा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. कडं बदलायचं तर अख्खं डोकं क्रेनने उतरवावं लागणार, आणि तेवढी क्रेन बोटीने बेटावर आणायची म्हणजे खर्च वीज विकून भरून यायला काही वर्षं जातील. २२ वर्षांच्या मशीनवर तेवढे पैसे घालायचे का, हा प्रश्न आमचा नाही. मालकांचा.

मालकांची सभा शुक्रवारी संध्याकाळी होती. कार्यकारी मंडळाच्या एका बाईंनी आम्हाला बोलावलं, आणि माझ्या वरिष्ठांनी मला सांगितलं, “तू सांग. दात तू मोजलेस.”

माझी डॅनिश कामापुरती बरी आहे, पण सभेत उभं राहण्यासाठी वेगळं धैर्य लागतं. खोलीत चाळीसेक माणसं. कॉफी, कुणीतरी घरी केलेला केक. बहुतेक पासष्ट-सत्तरीचे, काही तरुण, ज्यांना वाटे आईवडिलांकडून आले. मागे तो बटाटेवाला शेतकरी. मी दातांचे फोटो पडद्यावर दाखवले. कडं कसं फिरतं ते हाताच्या पंजांनी दाखवलं. सगळ्यांनी गप्प ऐकलं. नंतर प्रश्न सुरू झाले आणि मला जाणवलं की ही माणसं यंत्राबद्दल यंत्रवाल्यांच्या तोलाचं विचारतात. पट्ट्यांचा पुरवठा अजून होतो का? तीन महिन्यांनी माप किती वाढलं तर बंद करायचं? गिअरबॉक्सच्या तेलात काय निघालं? एका बाईंनी विचारलं, “राखीव निधीत जेवढे आहेत त्यात पट्ट्या, पुढच्या वर्षीची तपासणी आणि शेवटी मशीन उतरवायचा खर्च, तिन्ही बसतात का?” खजिनदाराने वही उघडून सांगितलं, बसतात, क्रेन आणून कडं बदलणं बसत नाही.

मशीन उतरवण्याचा खर्च आधीपासून बाजूला काढलेला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. डेन्मार्कात जगातला पहिला समुद्रातला पवनप्रकल्प विंडेबीला १९९१ मध्ये झाला, ११ मशीनचा. २०१७ मध्ये तो नीट सुटा करून काढला. उभारणं जेवढं मालकाचं काम, तेवढंच काढणंही.

मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला थेट विचारलं, “तुझे पैसे असते तर काय केलं असतंस?”

मी बाईंकडे पाहिलं. तपासणाऱ्याने या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, हा आमचा नियम आहे आणि तो योग्य आहे. मी म्हणालो, पैशांचं मी सांगू शकत नाही, दात किती झिजलेत ते सांगू शकतो. ते मान हलवून बसले. पण मला तेवढ्यावर थांबवेना. मी म्हणालो, एक गोष्ट मात्र सांगतो. आणि मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये तात्यांची गोष्ट सांगितली. पठार, गुरं, दात खाल्ल्यासारखा आवाज, वॉचमन, बंद पडलेला पावसाळा. सांगून झाल्यावर म्हणालो, या मशीनमधला दोष आम्ही शोधला असं अहवालात लिहिलेलं आहे. तो आम्ही शोधलेला नाही. पान तीनवर दुरुस्ती करून आणतो.

आणि खरंच ती केली. अहवालात आता एक ओळ आहे: दोष पहिल्यांदा शेजारी शेतकरी आणि भागधारक यांच्या नोंदींवरून लक्षात आला, नोंदी परिशिष्टात जोडल्या आहेत. वहीतल्या २१ नोंदी स्कॅन करून जोडल्या.

मतदान हात वर करून झालं. पट्ट्या बदलायच्या, तीन महिन्यांनी मोजायचं, कड्याला हात लावायचा नाही; माप ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं तर मशीन थांबवून काढायचं आणि त्या जागेचं काय करायचं यावर वेगळी सभा. विरोधात चार हात. त्यातले दोन क्रेन आणावीच म्हणणाऱ्यांचे, दोन आत्ताच काढून टाका म्हणणाऱ्यांचे. चौघांचंही म्हणणं इतिवृत्तात घेतलं.

पट्ट्या जटलंडहून यायला पाच दिवस लागले. त्या बसवायला मीच गेलो, कारण तोवर ते मशीन मला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावंसं वाटेना. आठ पट्ट्या, प्रत्येकीचा ताण मोजून. दातांच्या कडा घासून, पुसून, ग्रीस. दुपारी साडेतीनला रोटरची पिन काढली, खाली उतरलो, दाराच्या आतल्या पॅनेलवर रीसेट मारला. वारा सेकंदाला सहा-सात मीटरचा होता, नैऋत्येचा. वर डोकं हळूहळू वळलं, थांबलं, ब्रेक बसल्याचा जड आवाज आला. मग ब्लेड फिरायला लागले, आधी आळसटल्यासारखे, मग एका चालीने.

शेतकरी बांधावर आला होता. टोपी काढून हातात धरली आणि मान थोडी तिरकी करून उभा राहिला. तात्या असेच उभे राहतात. एक झोत आला, सरींवरचं प्लास्टिक फडफडलं. दुसरा आला. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली, तळहातावर वेळ लिहून घेतली, आणि बटाट्याकडे गेला.